रेवसचा जलमार्ग आणि उन्हेऱ्याचीं उष्णोदकें

१

शहरांतील माणसानें दोन दिवसांची सवड काढून परगांवीं जावें, तेथें उष्ण जलांत अथवा वाफेच्या कोठडींत अंग शेकून घ्यावें आणि हुशारी येऊन परत आपल्या उद्योगास लागावें, ही चाल हल्लीं फार वाढली आहे. अशा स्नानगृहांस ‘स्पा’ व ‘सौना’ हीं नांवें रूढ झालीं आहेत. पहिलें नांव बेल्जियम देशांतील स्पा नामक झऱ्यांच्या गांवावरून आलें. दुसरें फिनलंडच्या भाषेंतील आहे. इ. स. २०२० मध्यें युनेस्कोनें फिनलंडच्या सौना-स्नानाची मानवजातीच्या अमूर्त वारशांत नोंद केली, आणि २०२१ मध्यें युरोपांतील ७ देशांमधील ११ स्नाननगरें जागतिक वारशाच्या यादींत घातलीं. त्या राष्ट्रांनीं आपल्या स्नानाचा इतिहास कागदोपत्रीं जुळवून ठेवला होता, म्हणूनच हें घडलें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आपल्याकडे ह्या विषयासंबंधीं दोन मतें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो कीं, ही सर्व परदेशची आयात असून आपल्या लोकांस थंड पाण्याचें प्रातःस्नान तेवढें ठाऊक होतें. दुसरा पक्ष म्हणतो कीं, हें सारें आमच्या ऋषींनीं आधींच सांगून ठेवलेलें असून इतरांनीं तें आमच्यापासून उचललें. दोन्ही मतें उतावळेपणाचीं आहेत. पहिल्या पक्षानें ग्रंथ पाहिलेले नाहींत. दुसऱ्यानें ग्रंथ आणि प्रत्यक्ष वहिवाट यांतील अंतर पाहिलेलें नाहीं. मुंबई बंदरापासून रेवसवरून आंत जाणारा जलमार्ग व त्याच्या शेवटीं असलेलीं उन्हेऱ्याचीं कुंडें हें एक लहानसें क्षेत्र डोळ्यांपुढें ठेवून ह्या प्रश्नाचा विचार करावा, असें आम्हीं योजिलें आहे.

२

रेवस हें अलिबाग तालुक्यांतील, धरमतर खाडीच्या मुखाशीं वसलेलें बंदर होय. खाडीच्या पलीकडे उरण तालुक्यांतील करंजा आहे. ह्या खाडीस अंबा नदी येऊन मिळते. अंबा सह्याद्रींत उगम पावून पालीजवळून नागोठण्यास येते आणि नागोठण्यापर्यंत भरतीचें पाणी चढतें. म्हणजे मुंबईहून निघालेला मचवा रेवसचें तोंड ओलांडून भरतीबरोबर आंत शिरला, तर माल व माणसें थेट घाटाच्या पायथ्याजवळ उतरत. पुढें बैलांचे तांडे व पायवाटा. हा मार्ग अर्वाचीन नव्हे. सुधागड तालुक्यांतच नाडसूरजवळ ठाणाळ्याचीं व नेणवलीजवळ खडसांबळ्याचीं बौद्ध लेणीं आहेत. बंदर व घाट यांस जोडणाऱ्या वाटांच्या आश्रयानें अशीं लेणीं वसत, हें कोंकणांतील इतर लेण्यांवरूनही दिसतें.

पालीपासून सुमारें ३ किलोमीटरांवर उन्हेरें गांव आहे. तेथें उष्ण पाण्याचीं कुंडें असून जवळच विठ्ठल-रखुमाईचें देऊळ आहे. पालीस बल्लाळेश्वराच्या दर्शनासाठीं येणारा यात्रेकरू उन्हेऱ्यास स्नान करून जातो. देवदर्शन व उष्ण स्नान यांची ही जोड कोंकणांत इतरत्रही आढळते. तानसा नदीकांठच्या अकलोली व गणेशपुरीच्या झऱ्यांपाशीं वज्रेश्वरीचें देवस्थान आहे, आणि वसईच्या मोहिमेंत, इ. स. १७३९ मध्यें, चिमाजी आप्पांनीं देवीस केलेल्या नवसाची कथा तेथें सांगतात. पालीच्या देवळांतील मोठी घंटाही त्याच वसईच्या विजयाची खूण म्हणून दाखवितात. राजापुरास गंगा आली म्हणजे यात्रेकरू जवळच्या उन्हाळ्याच्या कुंडांतही स्नान करतात.

ह्या मार्गावरील सत्ता मात्र एक नव्हती. शिवाजी महाराजांनीं इ. स. १६७९ मध्यें खांदेरीवर तट घातला आणि पुढील वर्षीं सिद्दीनें उंदेरी धरली, तेव्हांपासून मुंबई बंदराच्या दक्षिण तोंडावर कोणाचा हात राहावा ह्याचें भांडण चाललें. रेवसची बाजू आंग्र्यांच्या कुलाबा संस्थानांत होती. तें संस्थान इंग्रजांनीं इ. स. १८४० मध्यें खालसा केलें. पालीसह सुधागडचा मुलूख शंकराजी नारायण सचिव यांच्या वंशाच्या भोर संस्थानाकडे राहिला व तें संस्थान १९४८ मध्यें विलीन झालें. म्हणून एकाच खाडीचे कागद तीन दप्तरांत वांटले गेले: तोंडाशीं आंग्रे, माथ्याशीं सचिव, आणि पैलतीरीं मुंबईकर इंग्रज. ह्या मार्गाचा सलग इतिहास आजवर लिहिला गेला नाहीं, त्याचें एक कारण हें आहे.

शहरांतून विश्रांतीसाठीं बाहेर पडणाऱ्या प्रवाशाची चालही ह्या खाडीस नवी नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत महाबळेश्वर हें हवा खाण्याचें ठिकाण म्हणून वसविण्यांत आलें, तेव्हां मुंबईचे कांहीं प्रवासी होडीनें नागोठण्यापर्यंत येत व तेथून महाडच्या रस्त्यास लागत. पुढें आगबोटी आल्या व रेवस आणि धरमतर हीं नांवें मुंबईच्या गिरणींत व गोदींत खपणाऱ्या कोंकणी माणसाच्या तोंडीं बसलीं. सणावारीं गांवीं जाणाऱ्यांची ही मुख्य वाट. इ. स. १९४७ च्या जुलैच्या १७ तारखेस भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट वाटेंत बुडाली आणि ६०० हून अधिक माणसें मृत्यु पावलीं. त्या दिवशीं अमावास्या होती. ज्या वाटेवर इतक्या लोकांनीं आपला प्राण ठेवला, ती केवळ मौजेची वाट नव्हती हें विसरूं नये.

३

आतां नांवांचा पुरावा पाहूं. कागद जळतो, कसर लागते. गांवाचें नांव सहसा टिकतें. संस्कृत ‘उष्ण’, प्राकृत ‘उण्ह’, मराठी ‘ऊन्ह’ किंवा ‘ऊन’ ही परंपरा प्रसिद्ध आहे. सुधागडांतील उन्हेरें, राजापूरचें उन्हाळें, रत्नागिरी जिल्ह्यांतील उन्हवरें, हीं सर्व नांवें ह्याच मुळापासून निघालेलीं आहेत. देशावर किनवट तालुक्यांतील उनकेश्वर व खानदेशांत चोपडें तालुक्यांतील उनपदेव हीं स्थानेंही ह्याच मालिकेंत बसतात असें दिसतें. गांव वसविणाऱ्यानें ऊन पाणी पाहिलें आणि त्यावरूनच गांवास नांव दिलें. ह्या नांवांत कोणा राजाचें वा साधूचें नांव नाहीं. यावरून झऱ्याची ओळख देवस्थानाहून जुनी असावी, असा आमचा कयास आहे.

ह्या झऱ्यांचें कारणही आज ठाऊक झालें आहे. पालघर जिल्ह्यांतील कोकनेऱ्यापासून राजापुरापर्यंत, सह्याद्रीस जवळजवळ समांतर अशा पट्ट्यांत, १८ ठिकाणीं उष्णोदकें आढळतात. येथें जागृत ज्वालामुखी नाहीं. पावसाचें पाणी काळ्या फत्तराच्या भेगांतून खोल उतरतें, भूगर्भाच्या स्वाभाविक उष्णतेनें तापतें व दुसऱ्या भेगेनें वर येतें. कांहीं झरे कोमट आहेत. कांहींचें पाणी सुमारें ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेलें असतें व त्यांत हात घालवत नाहीं. पुष्कळ ठिकाणीं पाण्यास गंधकाचा वास येतो. उन्हेऱ्याचें पाणी अंगास सोसतें, म्हणूनच तें स्नानाचें कुंड झालें.

येथें मोडी कागद वाचणारांस एक इशारा दिला पाहिजे. ‘उन्हाळा’ म्हणजे ग्रीष्म ऋतु व ‘उन्हाळें’ म्हणजे ऊन पाण्याचा झरा. मोल्सवर्थानें आपल्या कोशांत दुसरा अर्थही नोंदला आहे. परंतु विभक्ति लागतांच दोहोंचें सामान्यरूप एकच होतें. ‘उन्हाळ्यास’ हें पद उन्हाळा ह्या शब्दाचेंही होईल व उन्हाळें ह्या शब्दाचेंही होईल. मोडींत शब्द तोडून लिहिण्याची चाल नाहीं, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाहीं, अनुस्वारही बहुधा गाळलेला असतो. मग एखाद्या जमाखर्चांत कोणी ‘उन्हाळ्यास’ गेल्याचें आलें, तर ती ग्रीष्माची रजा कीं झऱ्यावरचें स्नान, हें शब्दावरून ठरत नाहीं. निर्णय संदर्भावरून करावा लागतो. मिति मार्गशीर्ष-पौषाची असेल तर ग्रीष्माचा अर्थ बसणार नाहीं. शुहूर सन असेल तर तो मृग नक्षत्रीं पालटतो हें ध्यानांत धरून महिना पडताळावा. खर्चांत दक्षिणा, तेल, उतराई, वैद्याचें मानधन अशा बाबी लागोपाठ आल्या असतील तर झऱ्याचा अर्थ बळावतो. उलट, जेथें तेथें ‘उन्हाळ्या’चा अर्थ उष्णोदक करण्याचा मोहही आवरला पाहिजे. अनेक छापील पत्रांत हें पद निःशंकपणें ऋतुवाचक धरलें जातें. तीं स्थळें मूळ कागदाशीं पुन्हा ताडून पाहणें इष्ट आहे.

४

वाफेच्या व तप्त हवेच्या स्नानासंबंधीं ग्रंथांतरीं काय आढळतें तें पाहूं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील चवदाव्या अध्यायांत अग्निसाध्य स्वेदाचे १३ प्रकार दिले आहेत. त्यांपैकीं ‘जेंताक’ हा प्रकार आजच्या सौना-कोठडीशीं फार जुळतो. जलाशयाच्या कांठीं, पाण्यापासून ७-८ अरत्नींवर, वाटोळें कूटागार बांधावें. त्याची उंची व रुंदी अधिकांत अधिक १६ अरत्नि असावी. भिंती मातीनें लिंपाव्या व पुष्कळ गवाक्षें ठेवावीं. आंत भिंतीलगत दारापर्यंत एक अरत्नि उंचीचा ओटा करावा. मध्यभागीं पुरुषभर उंचीची, बारीक छिद्रांची व झांकणाची मातीची भट्टी करून तींत खैर वगैरे लांकडें जाळावीं. लांकडें जळून धूर गेला म्हणजे, तेल लावलेल्या व वस्त्र पांघरलेल्या रोग्यानें आंत जावें, ओट्यावर पडून राहावें, घेरी आली तरी ओटा सोडूं नये व ओट्याच्या आधारानेंच दार गांठावें. बाहेर येतांच थंड पाण्यास स्पर्श करूं नये. मुहूर्तभर थांबून ऊन पाण्यानें स्नान करावें. इतकें बारीक वर्णन करणारानें अशी कोठडी पाहिली असली पाहिजे. गर्भिणी, मधुमेही, नित्य मद्य पिणारे इत्यादिकांस स्वेद वर्ज्य म्हणून त्याच अध्यायांत सांगितलें आहे, हें आजच्या हौशी मंडळींनींही लक्षांत घ्यावें.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गांत भिक्षूंसाठीं ‘जंताघर’ बांधण्याची अनुज्ञा आहे. वैशालीस मिष्टान्नाच्या भिक्षेनें भिक्षूंचीं शरीरें जड झालीं, तेव्हां जीवक वैद्यानें चंक्रमण व जंताघर यांची शिफारस केली, अशी तेथील कथा आहे. त्यांत धूर जाण्याची नळी, बसण्याचें पीठ, तोंडास लावण्याची माती यांपर्यंत नियम आहेत. जेंताक व जंताघर ह्या शब्दांचें साम्य उघड आहे. सिंहलद्वीपांतील अरंकेले येथील विहारांत जंताघराचे अवशेष आजही दाखवितात.

मग ठाणाळ्याच्या भिक्षूंनीं उन्हेऱ्यास स्नान केलें असेल काय? कल्पना मोहक आहे, पण तिला आज आधार नाहीं. कोंकणांतील लेण्यांत पाण्याच्या टांक्या विपुल असून शिलालेखांत त्यांस ‘पोढी’ म्हटलें आहे. उष्ण स्नानाचा उल्लेख ह्या लेखांवरून सिद्ध करितां येत नाहीं. आधार नाहीं तेथें थांबावें, हा नियम आपल्या अभिमानाच्या विषयांतही पाळला पाहिजे.

राजवाड्यांतील स्नानाचें वर्णन चालुक्य नृपति तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासां’त आहे. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांतील ह्या ग्रंथांत राजाच्या उपभोगांमध्यें स्नानभोग हा एक स्वतंत्र उपभोग मानला आहे. म्हणजे चरकांत औषध, विनयांत आरोग्याची शिस्त व मानसोल्लासांत सुखोपभोग, असे तीन हेतु निरनिराळे दिसतात. सामान्य कुणब्याच्या घरीं यांपैकीं काय होतें, हा प्रश्न तरीही उरतोच. त्याचें उत्तर पोथ्यांत नाहीं; तें न्हाणीघरांत आहे. नरकचतुर्दशीचें तेल-उटण्याचें अभ्यंग, बाळंतिणीच्या खोलींतील शेकशेगडी, निर्गुडीच्या पाल्याचा वाफारा, हीच स्वेदाची खरी अखंड परंपरा होय. ती सुइणींनीं व घरांतील वडील बायकांनीं चालविली आणि तिचा कागद कोणीं केला नाहीं.

५

‘हमाम’ हा प्रवाह निराळा. शब्द अरबी, मुसलमानी दरबारांबरोबर तो आपल्याकडे आला. बऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यांत रंगीत छताचा हमाम आजही पाहावयास मिळतो. मुंबईच्या कोटांतील हमाम स्ट्रीट, जिला आतां अंबालाल दोशी मार्ग म्हणतात, तिच्या जुन्या नांवांत हा शब्द उरला होता.

येथेंही शब्दांच्या फसवणुकीपासून जपलें पाहिजे. खलबत्त्यास कोणी ‘हमामदस्ता’ म्हणतात. त्याचा स्नानाशीं संबंध नाहीं. मूळ फारसी ‘हावनदस्ता’ होय, हावन म्हणजे उखळ. दुसरा शब्द ‘गुसलखाना’. शब्दशः अर्थ स्नानगृह. परंतु मोंगल दरबारांत स्नानगृहाजवळील दालनांत खासगी सल्लामसलत होऊं लागल्यामुळें त्या दिवाण-इ-खासासच गुसलखाना म्हणूं लागले. इ. स. १६६६ च्या मे महिन्यांत आग्र्यास शिवाजी महाराज व औरंगजेब यांची भेट झाली ती ह्याच गुसलखान्यांत. ज्यास हा अर्थ ठाऊक नाहीं तो वाचक बादशहानें महाराजांस न्हाणीघरांत बोलाविलें असें समजून बसेल, आणि तसें समजणारे भेटतातही. एका शब्दाच्या अज्ञानानें इतिहासाचें केवढें विडंबन होतें, त्याचें हें उदाहरण आहे.

६

येथवर पाण्याची उष्णता व नांवें झालीं. परंतु स्नानाच्या इतिहासांत याहून जड प्रश्न आहे, तो हा कीं, त्या पाण्यांत उतरण्याची मुभा कोणास होती? दरबारचा हमाम दरबाऱ्यांचा. शहरांतील हमामाच्या दारीं पैसा लागे. तीर्थ मात्र सर्वांचें, असें आपण सहज लिहून जातों. हें विधान तपासून घेतलें पाहिजे.

रायगड जिल्ह्यांतच, महाड तालुक्यांत, सावित्रीच्या कांठीं सव येथें उष्णोदक आहे. आणि त्याच महाडास चवदार तळें आहे. रावबहादुर सीताराम केशव बोले यांच्या ठरावानें इ. स. १९२३ मध्यें मुंबई कायदेमंडळानें सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांस खुले केले. महाड नगरपालिकेनेंही १९२४ मध्यें तळें खुलें असल्याचें जाहीर केलें. तरीही प्रत्यक्ष पाणी घेण्यासाठीं १९२७ च्या मार्चच्या २० तारखेस डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांस सत्याग्रह करावा लागला, आणि त्यावरील दाव्याचा निकाल उच्च न्यायालयांतून अनुकूल लागण्यास १९३७ साल उजाडलें. थंड पाण्याच्या तळ्याची ही कथा, तर देवळाजवळच्या कुंडाची काय असेल! म्हणून कुंडांच्या इतिहासांत नवस, दान व जीर्णोद्धार यांबरोबर मज्जावाच्या नोंदीही शोधल्या पाहिजेत. गांवकीचे करार, महजर, तक्रारीचे अर्ज यांत त्या मिळण्याचा संभव आहे. त्या नकोशा वाटतात म्हणून बाजूस सारणें हा संशोधनाशीं द्रोह होईल.

७

आरंभीं सांगितलेल्या दोन मतांचा निकाल आतां करितां येतो. तप्त कोठडीचें शास्त्र ह्या देशांत जुनें आहे, हें चरक व विनय यांवरून सिद्ध होतें. तें इतरांनीं आपल्यापासून उचललें हें मात्र कशानेंही सिद्ध होत नाहीं. थंड देशांतील लोकांस तापलेल्या कोठडीचा शोध स्वतः लागणें अगदीं स्वाभाविक आहे. महाराष्ट्रापुरतें पाहतां स्वेद घरांत राहिला, ऊन पाणी तीर्थांत राहिलें व हमाम दरबारांत आणि शहरांत राहिला. तिघांचें मिळून स्पा येथील स्नाननगरासारखें गांव आपल्याकडे वाढलें नाहीं. आज भाड्यानें मिळणाऱ्या वाफेच्या कोठडींत हे तिन्ही प्रवाह प्रथमच एकत्र येत आहेत, असें म्हणावयास हरकत नाहीं.

खाडीचा मार्ग आतां मावळतीस लागला आहे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारी वाहणारी बोट २०२० पासून सुरू झाली, शिवडी-न्हावा शेवा सेतु २०२४ च्या जानेवारींत खुला झाला, आणि करंजा व रेवस यांमधील पुलाचें कामही हातीं घेण्यांत आलें आहे. मुंबईकर अधिक लौकर पालीस पोंचेल. त्याबद्दल खेद करण्याचें कारण नाहीं; ‘रामदास’च्या उतारूंचें स्मरण असणारा कोणीही सुरक्षित वाटेचें स्वागतच करील. परंतु वाट बदलली म्हणजे वाटेवरचे कागद प्रथम अडगळींत व मग रद्दींत जातात, हा सर्वत्रचा अनुभव आहे.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती आहे. ज्यांच्या संग्रहीं रेवस, धरमतर, नागोठणें येथील तरीचे व जकातीचे हिशेब असतील. पाली-उन्हेऱ्याकडील देवस्थानखर्चाच्या कीर्दी, उपाध्यांच्या वह्या, वैद्यांच्या बाडांतील स्वेदाचीं प्रकरणें असतील, त्यांनीं तीं तुच्छ समजून टाकूं नयेत. तख्तनशिनीचे व लढायांचे कागद सर्वच जपतात. एका यात्रेकरूनें कुंडावर दिलेली दक्षिणा, त्यासाठीं मचव्यास दिलेलें भाडें व त्याची मिति एवढी तीन कलमें जरी एका पानावर सांपडलीं, तरी ‘उन्हाळ्यास’ ह्या पदाचा वाद त्या स्थळापुरता मिटेल. नक्कल उतरतांना मूळ पदच्छेद बदलूं नये, संशयित स्थळ तसेंच दाखवावें आणि कागद कोठून मिळाला तें जरूर लिहावें. असे कागद जमूं लागतील, तर आंग्रे, सचिव व मुंबई ह्या तीन दप्तरांत विखुरलेली ही एक खाडी पुन्हा सलग होईल.